पुष्पाची गाडी, माझा डावा पाय

प्रिय पुष्पा,

ऑफिसच्या पार्किंगमध्ये, तुझ्या गाडीत, तुझ्या सीटवर बसून लिहिते आहे. मधली सुट्टी आहे. डबा मांडीवर तसाच पडलाय. सकाळी कन्हानहून मी एकटी गाडी चालवत आले. हो, मी! आले खरी, पण संध्याकाळी हीच गाडी परत न्यायची आहे, आणि त्या विचारानं झाकणही उघडलेलं नाही. वर जाऊन कोणाला सांगू? कोणी हसेल, कोणी म्हणेल ड्रायव्हर ठेवा. ही भीती कळणारी ऑफिसात तू एकटीच होतीस. म्हणून तुलाच लिहायला बसले.

सकाळी पुलावर चढले आणि मागून कोळशाचा ट्रक आला. त्यानं हॉर्न दिला तसं मी स्टिअरिंग घट्ट धरलं. पुढे सायकलवाला, मागे ते धूड. जाऊ कुठे? तुझ्या शेजारी बसून हा पूल किती वर्षं ओलांडला, पण तो एवढा लांब आहे हे आज कळलं. तू तर आरशात बघून ट्रकवाल्यालाच दोन शब्द सुनवायचीस!

तू असं जायला नको होतंस, पुष्पा. अंगात ताप असताना गाडी काढून ऑफिसला आलीसच कशाला? मी शेजारी बसून सारखी म्हणत होते, डॉक्टरकडे वळव. तू म्हणालीस, "गोळी घेतली ना वं, उतरते आता." रामदासपेठेतल्या दवाखान्यात डेंगू निघाला आणि पाहता पाहता तू हातची गेलीस. मला अजून तुझा राग येतो. तो काढू कोणावर?

नंतर काय काय झालं, ते तुला कुठे माहीत आहे?

तुझ्या बाबांनी गाडी अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि मी पुन्हा शेअर ऑटोवर आले. आधी चांगला पाय पायरीवर, मग लोखंडी पट्ट्यांच्या कॅलिपरमध्ये बांधलेला उजवा पाय हातानं उचलून आत. तेवढा वेळ थांबतं कोण? कामठीला एकदा मी अर्धी आत, अर्धी बाहेर असतानाच ऑटो हलला. पडले रस्त्यावर. डोकं वाचलं, कॅलिपर वाकलं. मी रजेवर होते तेव्हा साहेबांचा फोन आला. चांगल्या मनानंच बोलले ते. "मॅडम, स्वेच्छानिवृत्तीचा विचार करा ना. एवढा त्रास कशाला?"

फोन ठेवला आणि वाकलेल्या कॅलिपरकडे बघत बसले. नोकरी सुटली तर मी आणि आई, आणि त्या दोन खोल्यांच्या भिंती. देवळापर्यंत जायचं तरी कोणाला तरी विचारावं लागेल. तू गाडी घेतलीस त्याआधी आपण तशाच तर जगत होतो!

त्या रविवारी तुझे बाबा घरी आले. काका आता फार वाकले आहेत गं. हातमाग सोडून इतकी वर्षं झाली तरी बसले की बोटं हलतात त्यांची. चहा घेतला, आणि एकदम म्हणाले, "पोरी, ते गाडी तू नेऊन टाक. विकत घ्याले दलाल येऊन राहिले. माह्याच्यानं विकणं होत नाही."

मी म्हटलं, "काका, मला चालवता कुठे येते?"

"पुष्पीले तरी कुठं येत होती?"

आई आतून ओरडलीच. "नका वो भाऊ, तिच्या डोक्यात असं काही भरवू! एक हात, एक पाय. त्या रस्त्यानं ट्रक कसे जाते, पाह्यलं ना तुम्ही?"

काका उठून निघाले. पण रात्री जेवताना मला सारखं तुझं गाडी घेणं आठवत होतं. धरमपेठेतल्या त्या शोरूममध्ये सेल्समन तुझ्याकडे पाठ करून काकांना रंग दाखवत होता. तू चाकाची खुर्ची त्या दोघांच्या मध्ये घातलीस. "रंग मागाहून. आधी दार किती उघडते ते दाखवा." मग खुर्चीची उंची, सीटची उंची मोजलीस. खुर्ची घडी करून डिकीत मावते का ते काकांकडून करवून पाहिलंस. प्रत्येक गाडीत खुर्चीवरून सरकून स्वतः बसलीस, उतरलीस. घामाघूम झालीस, पण जी गाडी तुला उतरू देईना ती घेतली नाहीस. आणि बँकेतला तो साहेब! "गाडी चालवणार कोण?" तू म्हणालीस, मी. त्यानं पुन्हा विचारलं, "ते ठीक आहे, पण चालवणार कोण?" बाहेर आल्यावर आपण किती हसलो होतो! आणि हसता हसता तुझे डोळे भरले होते, ते मी पाहिलं होतं. कर्ज मंजूर होईपर्यंत तू धड जेवली नाहीस. करसवलतीच्या कागदासाठी तर, तू चाकाच्या खुर्चीत बसलेली असताना, तुला चालता येत नाही हे पटवायला गेलो होतो आपण दवाखान्यात!

मी काकांना हो म्हटलं. फुकट घेणार नाही, हेही म्हटलं. ते रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, शेवटी दलाल देत होता तेवढेच घ्यायला कबूल झाले. पैसे मी भविष्यनिर्वाह निधीतून काढले. गाडीच्या कामाचेही त्यातूनच. माझं म्हातारपण त्यात होतं, पुष्पा. अर्ज देताना वाटलं, चूक तर करत नाही ना मी?

पण खरी अडचण पुढे होती. तुझी गाडी तुझ्या अंगाची होती. तुझे दोन्ही पाय गेलेले, हात मात्र लोखंडाचे. डाव्या हातानं स्टिअरिंगजवळचा तो दांडा ओढला की वेग, ढकलला की ब्रेक. माझा डावा हात तुला माहीत आहे, नुसता सोबतीला आहे. पाण्याचा ग्लास धरताना थरथरतो, तो दांडा काय ढकलणार? मला आहे तो डावा पाय. तू म्हणायचीस ना, "आपण दोघी मिळून एक पुरी बाई होतो वं!"

कामठीच्या गॅरेजवाल्या रफीकभाईनं गाडी पाहिली. तुझा दांडा त्यानंच बसवला होता. म्हणाला, "मॅडम, टेन्शन काहून घेता? वेगाचं पेडल डावीकडे आणून देतो. ब्रेक तर मधातच आहे. आरटीओत बदल नोंदवून घेऊ. फक्त हा दांडा काढा लागते, तुमच्या गुडघ्याले लागन."

दांडा काढा लागते! त्या दांड्याच्या मुठीला काकांनी सूत गुंडाळलं होतं. तुझा हात घामानं घसरायचा म्हणून. पांढरं सूत तुझ्या हातानं काळपट झालं होतं. तुझी गाडी घेतली, तुझी जागा घेतली, आता हेही काढायचं? मी रफीकभाईला म्हटलं, दोन आठवडे थांबा.

दोन आठवडे मी काहीच केलं नाही. काकांनाच कुठून तरी कळलं. मला न विचारता ऑटोनं गॅरेजला गेले आणि तिथून फोन लावला. "ये वं इथं. मी याले कामाले लावलं आहे."

मी पोचले तेव्हा दांडा सुटून आला होता. काका स्टुलावर बसले होते आणि तो त्यांच्या मांडीवर होता. रफीकभाई गाडीखाली होता. मला रडू आलं तसे काका म्हणाले, "रडतं कायले? पुष्पीचा हात होता तवा हे कामाचं होतं. आता तुह्या पायाचं काम चालू आहे. बस आत, माप देजो त्याले."

मी आत बसले. पाय पुढे केला. रफीकभाईनं पेडल फार वर बसवलं होतं, टाच टेकेना. दुसऱ्यांदा खाली घेतलं. स्टिअरिंगला गोल मूठ लावली, एका हातानं फिरवता यावं म्हणून. गाडी ऑटोमॅटिक, गिअर निघताना एकदाच टाकायचा; तो डावीकडे आहे, तिथं मी उजवा हात आडवा नेते. थांबलेल्या गाडीत जमतं. दांडा काका घरी घेऊन गेले. कुठे ठेवलाय, मी विचारलं नाही.

रविवारी कामठीच्या मैदानावर शिकायला लागले. रफीकभाई शेजारी. पहिल्याच दिवशी काय झालं सांगू? वळवताना माझा उजवा पाय घसरला. त्याला कुठे काय कळतं! कॅलिपरचा जड बूट उजवीकडे तसंच चालू राहिलेल्या जुन्या पेडलवर जाऊन बसला आणि गाडी सुसाट सुटली. मी पाय उचलायला हात खाली नेला, स्टिअरिंग सुटलं. रफीकभाई ओरडला, "ब्रेक! ब्रेक!" डाव्या पायानं सगळा जोर दिला. गाडी वाळूच्या ढिगात शिरून थांबली. समोर, हातभरावर, भिंत होती.

रफीकभाईचा चेहरा पांढरा पडला होता. "गलती माझी आहे मॅडम. त्या पेडलवर झाकण टाकायचं राहिलं." त्यानं त्याच आठवड्यात लोखंडी पत्रा लावला. आता तो पाय तिथं जाऊच शकत नाही. पण माझ्या मनावर कोणता पत्रा लावणार? मी गाडी पुन्हा ताडपत्रीखाली घातली. आईनं देवापुढे साखर ठेवली!

नंतर महिनाभर ऑटोनं गेले. रोज चढताना कामठीचं ते पडणं आठवायचं, आणि गाडीकडे पाहिलं की भिंत. दोन्हीकडे भीतीच. मग एका संध्याकाळी ऑटोत माझ्या शेजारची बाई म्हणाली, "ताई, तुम्ही असं रोज का हो निघता? घरात कोणी करणारं नाही का?" तिच्या बोलण्यात कीव होती. मला तुझी इतकी आठवण आली! तू असतीस तर तिला काय उत्तर दिलं असतंस? मी घरी आले आणि रफीकभाईला फोन केला.

शिकले गं. हळूहळू, घाबरत, रोज थोडं. आरटीओतल्या साहेबांनी चढावर गाडी थांबवायला लावली आणि पुन्हा काढायला सांगितली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता, पण गाडी मागे गेली नाही. लायसन्स हातात आलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता ना? मला वाटलं, मेले, आता न चालवायला कारण उरलं नाही!

आणि आज सकाळची गोष्ट. गेटमधून आत आले तर वॉचमन मेश्रामभाऊंनी तुझी गाडी पाहिली. तू गेलीस तरी रॅम्पजवळची ती जागा त्यांनी कोणाला दिली नव्हती. हातातली काठी टाकून धावत आले, नेहमीसारखे थेट मागे गेले, डिकी उघडली तुझी खुर्ची काढायला. डिकी रिकामी. तसेच उभे राहिले. मग पुढे आले, काचेतून मला पाहिलं. "शालू मॅडम, तुम्ही चालवत आणली?" मी मान हलवली. त्यांनी डिकी इतक्या हळू लावली, आवाजही झाला नाही.

पुष्पा, मला अजून भीती वाटते. संध्याकाळी उजेड कमी होतो. ऑटोमोटिव्ह चौकात सगळे एकमेकांच्या अंगावर येतात. मेट्रोच्या खांबांमधून स्कूटर कुठून निघेल सांगता येत नाही. तो पूल, ते ट्रक. तुलाही वाटायची का गं? कधी बोलली नाहीस. शेजारी मी घाबरून बसलेली, म्हणून तुला घाबरायला जागाच मिळाली नसेल!

आत्ताच काकांचा फोन आला. "जेवली का? कवा निघतं?" म्हटलं, उजेड असतानाच निघते. मग म्हणाले, "पुष्पी गेल्यापासून मी सांजचा ओट्यावर बसत नाही. रस्त्याकडं पाहवत नाही. आज बसतो." "सावकाश ये," म्हणाले आणि फोन ठेवला.

तुला वचन देते, पुष्पा. कोणी मागून कितीही हॉर्न वाजवला तरी घाई करणार नाही. भीती वाटली तर गाडी बाजूला घेईन, पण ताडपत्रीखाली पुन्हा घालणार नाही. आणि रोज गावात शिरले की आमच्या गल्लीत वळण्याआधी तुमच्या दारासमोर थांबेन. काका उठून आत गेले, की मगच पुढे जाईन.

तुझी,
शालू