रविवारची शिकवणी

चि. दीपमाला,

बंगळुरूहून मला कॉम्प्युटर शिकवताना आधी तू खेकसायचीस. मग फोल्डर म्हणजे फडताळ आणि फाइल म्हणजे डबा, असं सांगू लागलीस. आता स्क्रीनवर बाण काढून दाखवतेस. खडकीच्या शाळेत शिकवण्यात जन्म काढूनही मला इतकं समजावणं जमलं नव्हतं.

परवा शेजारच्या विमलाबाईंना मीच मेल पाठवायला शिकवलं. त्या म्हणाल्या, "अहो, मग लेकीला सांगा की, आता सगळं येतं म्हणून."

सांगितलं तर रविवारी तू फोन कशासाठी करशील? शिकवणी नव्हती तेव्हा आपलं बोलणं "जेवलीस का"वरच संपायचं.

हा मेल मीच टाइप केलाय, एकही चूक नाही. पाठवणार मात्र नाही. येत्या रविवारी पुन्हा विचारीन, सेव्ह कुठून करायचं.

तुझी ढ विद्यार्थिनी,
आई