तीन राजे आणि एक पोट

मंगळवार, ५ मार्च

नाही कळलं! परत नाही कळलं!

प्रोग्रॅमिंगच्या क्लासला टकटक बाईंनी विचारलं, "फॅक्टरी कन्स्ट्रक्टर म्हणजे काय, कोण सांगेल?" (फळ्यावर मार्कर आपटल्याशिवाय या बाईंचं वाक्य पुरं होत नाही, म्हणून टकटक.) आणि मी नेमका तेव्हाच नाक खाजवायला हात वर केला. झालं! उभी राहिले. "फॅक्टरी म्हणजे कारखाना," म्हटलं. "आणि?" "आणि... भोंगा." सगळा वर्ग खो खो हसला.

बाई मात्र हसल्या नाहीत. "पुढच्या शनिवारी कंपनीची माणसं येणार आहेत. नोकरीची जागा एकच. प्रत्येकानं एक विषय नवख्याला सांगावा तसा समजावून सांगायचा. तुझा विषय ठरला." टक टक.

ती जागा मला हवी आहे. हवी म्हणजे हवीच! आत्याच्या दुकानात नाटकाचे कपडे भाड्यानं देता देता मीच एक दिवस हँगरला लटकेन.

गुरुवार, ७ मार्च

साधा कन्स्ट्रक्टर कळतो बाई. क्लास म्हणजे नमुना. त्याबरहुकूम बनलेली वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. आणि कन्स्ट्रक्टरला हाक मारली की दर वेळी नवी कोरी वस्तू तयार. इथवर ठीक. मग हा फॅक्टरी कन्स्ट्रक्टर येतो! हाक मारायची पद्धत तीच, पण म्हणे तो नवीन वस्तू बनवेलच असं नाही. मग कन्स्ट्रक्टर कसला? स्वयंपाकी म्हणून ठेवला आणि चूल पेटवेलच असं नाही!

आत्याला सांगून टाकलं, की नोकरी लागली तर दुकान सोडेन. तिनं तोंडातल्या टाचण्या न काढता उत्तर दिलं. "खुशाल लाग. पण मनासारखं माणूस मिळेपर्यंत काउंटर सोडायचं नाही."

मनासारखं! आत्याच्या मनासारखं माणूस अजून जन्माला यायचंय.

शुक्रवार, ८ मार्च

काउंटरसाठी एक मुलगी आली. बिचारी गोड होती. आत्या म्हणाली, "घडी घालताना उसासे टाकते. नको." दुपारी एक गृहस्थ आले. "शिट्टी वाजवतो. नको."

आत्याच्या मनासारखं माणूस एकदाच मिळालं होतं, ते म्हणजे माझी आई. दोघींनी मिळून हे दुकान काढलं. मग एक दिवस आईनं आत्याची कापडाची कात्री घेतली आणि किमतीच्या चिठ्ठ्या कापल्या. कागद! आत्या किंचाळली, "कापडाच्या कात्रीनं कागद? धार गेली ना!" आईनं कात्री खाली ठेवली, पर्स उचलली आणि घरी आली. तेव्हापासून अबोला. नणंद-भावजय एकाच गल्लीत राहतात आणि समोरून आल्या की दोघींना एकदम आकाशात काहीतरी दिसतं. बाबा बहिणीलाही हो म्हणतात, बायकोलाही हो म्हणतात, आणि पेपर वाचतात.

रविवार, १० मार्च

कळलं!!! कळलं कळलं कळलं!

काउंटरवर उभी होते. एक बाई आल्या, "परीचा एक ड्रेस द्या." आत्या आत गेली, दांडीवरचा घेऊन आली. बाई खूश. पाठोपाठ एकजण, "अस्वल आहे का?" आत्या आत गेली. अस्वल नव्हतं. "परवा या," म्हणाली आणि केसाळ कापड काढलं. दोघांनी मागितलं सारख्याच पद्धतीनं! आत जुनं होतं, का नवीन शिवलं, गिऱ्हाइकाला काय पत्ता? त्याला हातात ड्रेस मिळाल्याशी मतलब.

अगं आत्या, तू फॅक्टरी कन्स्ट्रक्टर आहेस! मी ओरडलेच. "तूच असशील," आत्या म्हणाली.

साधा कन्स्ट्रक्टर म्हणजे शिलाई मशीन. पाय मारला की नवीन शिवणारच, मग दांडीवर असले दहा पडून तरी. फॅक्टरी म्हणजे काउंटर. आधी मागणी ऐकायची, आत बघायचं, असेल तर तेच द्यायचं, नसेल तर बनवायचं. आणि कुणी नुसतं "राजा द्या" म्हटलं तर आत्या नाटकाची गोष्ट विचारते आणि रडका राजा देते किंवा लढाऊ राजा देते. शेवटी राजाच ना! हेसुद्धा फॅक्टरीत चालतं. टकटक बाई म्हणाल्या होत्या, की फॅक्टरीच्या आत 'धिस' नसतो, म्हणजे 'ही हातातली वस्तू' असं म्हणता येत नाही. बरोबरच आहे. झगा अजून हातात आलेलाच नाही, तर बाही कुणाची ओढणार?

घरी येताना रस्ताभर एकटीच हसत होते. भाजीवाल्यानं दोनदा विचारलं, "काय झालं ताई?"

मंगळवार, १२ मार्च

दुकानाचा प्रोग्रॅम लिहिला! शनिवारी हाच दाखवायचा. "राजाचा झगा" मागा, आधीच बनवलेला असेल तर तोच ऑब्जेक्ट परत येतो. "राजा" हे नाव एकदा साठवलं की दुसऱ्यांदा बनवणं नाही. पडद्यावर चालताना बघितलं आणि खुर्चीतच नाचले. खुर्चीला चाकं आहेत हे विसरून. गुडघ्याला टेंगूळ.

शनिवारी संध्याकाळी नाट्यस्पर्धाही आहे. तीन मंडळांची तीन नाटकं, आणि तिन्हींत राजा. एक बँकेतले कॅशियर, पोट असं की आधी पोट येतं, मग ते येतात. एक कॉलेजातला पोरगा, नुसती काडी. एक बुटके मास्तर. सगळ्यांची मापं प्रोग्रॅममध्ये भरली. कॅशियरसाहेबांचं सगळ्यात शेवटी.

"आता स्क्रीन बघायची आणि झगे सैल-घट्ट करायचे," आत्याला सांगितलं. "डोळे झाकून विश्वास ठेव!"

"डोळे झाकून बघू कसं?"

शुक्रवार, १५ मार्च

आत्यानं विचारलं होतं मला. विचारलं होतं! "अगं, या काडीची कंबर एवढी? परवा तर खांबाआड लपला असता." आणि मी तोऱ्यात म्हणाले, "आत्या, स्क्रीन खोटं बोलत नाही." मग तिनं निमूट तिन्ही झगे उसवले आणि सैल शिवले.

आज झोपताना मनाला काहीतरी टोचतंय. उद्या उजाडताच बघते.

शनिवार, १६ मार्च

काय दिवस! कुठून सुरू करू?

सकाळी बघते तर तिन्ही राजांना कॅशियरसाहेबांची कंबर! कारण सरळ होतं आणि मी गाढव. तीन वेळा "राजा" मागितला, फॅक्टरीनं तिन्ही वेळा तोच एक ऑब्जेक्ट दिला. मी कंबर त्या ऑब्जेक्टवरच लिहीत गेले. शेवटच्यानं आधीचं पुसलं. तीन राजे आणि पोट एकच!

आत्यानं झगा हवेत उंच धरला. त्या काडीभोवती तो दोनदा गुंडाळला गेला असता. संध्याकाळी स्पर्धा, दुपारी माझी कंपनीवाली माणसं, दोन झगे परत उसवून शिवायचे आणि हात फक्त चार. रडूच आलं मला. मग आईला फोन केला.

"तिनं बोलावलंय?"

"नाही. मी बोलावतेय. आई, ये ना गं!"

"तुझ्यासाठी येते. तिच्याशी बोलणार नाही."

आली. आत्यानं आकाशाकडे बघायचं म्हणून छताकडे बघितलं. बसल्या दोघी. काडीचा झगा आईकडे, मास्तरांचा आत्याकडे, आणि मी मधे पोस्टमन.

"आत्याला सांग, बारीक सुई दे."

"आईला सांग, बारीकच आहे."

"आत्याला सांग, हिला बारीक म्हणत असशील तर चष्मा बदल."

एव्हाना निघायची वेळ टळत आली होती. मी दारात घुटमळले. "मी गेले तर तुम्ही बोलणार कशा?" आणि दोघी एकदम, एका सुरात ओरडल्या, "तू जा!"

मी पळाले. ओढणीला टाचण्या टोचलेल्या, केसांत दोरा. कंपनीची तीन माणसं टेबलामागे बसलेली, टकटक बाई कोपऱ्यात, मार्कर मुठीत आवळलेला. पाठ केलेलं सगळं पार उडून गेलं. मग मी सरळ सकाळचा घोटाळाच सांगितला. काउंटर, परी, अस्वल, तीन राजे, सगळं. पोट सांगताना हातवारेही केले असावेत. मधले गृहस्थ डोळे पुसायला लागले हसून हसून.

"म्हणजे फॅक्टरी कन्स्ट्रक्टर वाईट?" बाजूच्या बाईंनी विचारलं.

"छे हो! नमुना एकदाच ठेवा, हवा त्याला तोच द्या. फक्त माप त्याच्यावर लिहू नका, ज्याच्या त्याच्या बुकिंगवर लिहा. झगा सगळ्यांचा, पोट ज्याचं त्यानं सांभाळावं!"

टकटक बाईंनी फळा नव्हता म्हणून भिंतीवर मार्कर आपटला.

धावत परत आले तर दुकानाला कुलूप, दोघी गेलेल्या. नाट्यगृहात पोचले तेव्हा काडीराजा स्टेजवर, आणि झगा असा बेतला होता की कुणीतरी त्याला त्यातच वाढवला असावा. आई पहिल्या रांगेच्या या टोकाला, आत्या त्या टोकाला. मधे दहा खुर्च्या तरी असतील. काही बोलल्या का? आई म्हणाली, "भूक लागलीय, घरी चल." आत्या म्हणाली, "कुलूप नीट लागलं होतं ना?"

बुधवार, २० मार्च

लागली!!! नोकरी लागली! पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून!

बाबांनी पेपर खाली ठेवला. आमच्या घरात याहून मोठा सत्कार होत नाही. आई रडली, मग माझ्या केसांतून शनिवारचा दोरा काढला. मी दोनदा केस धुतलेत, तरी!

गुरुवार, २१ मार्च

विसरलेच होते. काउंटर! आत्याला माणूस मिळालेलं नाही आणि शब्द म्हणजे शब्द. जीव नुसता टांगणीला. एकीला परत धाडलं, "ही पऱ्यांना हसते." अगं आत्या, का छळतेस मला!

शुक्रवार, २९ मार्च

आत्या म्हणाली, "जा तू सोमवारी. बघितलंय नवीन माणूस."

"कोण?"

"आहे एक. येईल तेव्हा बघशील."

"उसासे टाकते?"

"टाकते."

आणि चालतंय! मला सुटल्याचा आनंद व्हायला हवा. झालाही. पण कुणी परकी माझ्या स्टुलावर बसणार म्हणून ते स्टूल मी उगाच दोनदा पुसलं. आईला सांगितलं तर ती भांडी जरा जोरातच घासायला लागली.

सोमवार, १ एप्रिल

ऑफिसातून थेट दुकानात गेले, किल्ली परत द्यायला. काउंटरमागे आई! माझ्या स्टुलावर बसून चिठ्ठ्या कापत होती. आत्या शेजारी उभी राहून तिच्याशी भांडत होती. तोंडानं, सरळ तिच्याशी! आईनं येताना स्वतःची कात्री आणलीय, मुठीला लाल दोरा बांधून. कागदाची.