पहिल्या रांगेतलं वजन

३ मार्च
दादाला माझं मूत्रपिंड जुळतंय. पण डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहराच बदलला. एवढ्या वजनाच्या माणसाचं काढत नाहीत म्हणे. तेरा-चौदा किलो उतरवा; आधी वजन, मग बाकीचं बोलू.
मी म्हटलं, हा सगळा स्नायू आहे. त्या म्हणाल्या, चरबीही आहे. आहेच!

४ मार्च
सकाळपासून नुसत्या येरझारा.
शाळेत माझ्याखाली बाक मोडला तेव्हा वर्गभर खसखस पिकली होती. रग्बीत आले आणि पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं, आहेस तश्शीच हवीस. स्क्रममध्ये आमच्या आठ जणी वाकून समोरच्या आठ जणींना रेटतात. पहिल्या रांगेच्या कडेला मी — प्रॉप. रुंद, जड, आखूड मानेची. माझ्यामागे उंट, चेंडू हवेतून टिपायला तिला आम्ही वर उचलतो. चेंडू बाहेर काढणारी चिमणी माझ्या खांद्याला लागते. कडेने पळणाऱ्या तर निव्वळ काड्या. प्रत्येक अंगाला तिथे जागा आहे. माझी जागा आता मीच वितळवायची.

१९ मार्च
उकडलेलं खा, पळा, परत उकडलेलं. आईवर उगाच खेकसले.

११ एप्रिल
स्क्रम माझ्या बाजूने कोसळला. दोनदा. कोचबाईंनी बाजूला घेतलं, मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्या कितीतरी वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या.
"पहिल्या रांगेत आता तुझी मान मोडेल. फ्लँकर हो. रेटणं कमी, धावणं आणि पाडणं जास्त."
माझ्या जागी नवी पोरगी. चांगली भरभक्कम आहे. तिच्याकडे बघवेना.

२ मे
दादाबरोबर डायलिसिसला. आपले सुजलेले पाय बघत म्हणाला, मी फुगतोय आणि तू आटतेयस. दोघंही हसलो. मग तो सुईच्या हाताकडे बघत म्हणाला, "तुझा खेळ जाणार असेल तर मला नकोय."
जागा बदलली, खेळ कुठे जातोय, म्हटलं.

१४ जून
सामना. हे पाय माझेच का? स्क्रम सुटला की मी आधी पोचते! त्यांच्या कप्तानाला तीनदा आडवी केली. शेवटी चेंडू छातीशी धरून अर्धं मैदान पळाले — मी! काड्या मागे राहिल्या. कोचबाई म्हणाल्या, एवढी वर्षं तुला चुकीच्या रांगेत ठेवली की काय.
अंग ठणकतंय, तरी बसवत नाहीये. पुढचा सामना कधी?

२३ जून
काटा हवा तिथे आला. डॉक्टरीणबाई खूश. मग बाकीचं बोलल्या. एका मूत्रपिंडावर रग्बी नाही. बरं झाल्यावरही नाही.
सही केली.
दादा बाहेर बाकावर होता. काय म्हणाल्या, त्याने विचारलं.
वजन उत्तम आहे, म्हटलं.