लाटेनं परत दिलेली पिशवी

अण्णा नगर, चेन्नई

ती. आईस,
कीर्तीचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. ऑफिसात तमिळ कळलं नाही की नुसती हसते. भाताचीही सवय झालीय.

तू सांगितलंस तसं गणपतीचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत बांधून समुद्रावर नेलं. सोबत घरमालकीण सरोजाअक्का होत्या, तंजावरच्या मराठी. मी पिशवी फेकली. लाटेनं ती पायाशी आणून टाकली. पुन्हा फेकली, पुन्हा तेच. अक्का रागावल्या नाहीत. या वयात साडी खोचून पाण्यात शिरल्या, माझी पिशवी उचलली आणि लोकांनी टाकलेल्या आणखी चारपाच. म्हणाल्या, "फुलं देवाची. प्लास्टिक कुणाचं गं?"

काय बाई आहे!

घरी येऊन त्यांनी ती फुलं गच्चीवरच्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरली. आज त्याच मोगऱ्याची फुलं मी देवाला वाहिली.

तुझे गुडघे कसे आहेत? एकटीला घर खायला उठत नाही ना? यापुढे निर्माल्याची पिशवी घेऊन नदीवर जाऊ नकोस. फुलं अंगणातल्या जास्वंदीखाली पूर.

पाप लागलंच, तर माझ्या नावावर घाल.

तुझीच,
कीर्ती