शिकारीला न गेलेली खाट

माधवनगर,
गुरुवार, १२ डिसेंबर

चि. सोनिया,

जय जिनेंद्र. हे पत्र तुला खाटेच्या घडीत सापडलं असेल. खाट तुझ्याच हातात द्यायची, दुसऱ्या कुणाकडे ठेवून यायचं नाही, असं टेम्पोवाल्याला बजावून सांगितलंय. खाट कुठून आली, कुणी पाठवली, हे सगळं सांगते. आधी इकडची खुशाली वाच. शेवटच्या पानावर उडी मारू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

आम्ही दोघं ठीक आहोत. आण्णांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण दुकानात कापड बेतायच्या टेबलापाशी दिवसभर उभे असतात, बस म्हटलं की चिडतात. द्राक्षांचा हंगाम जवळ आलाय, त्यामुळे बागेत राखणीला झोपणाऱ्यांच्या खाटा आणि ताडपत्र्या भराभर जातात. गिऱ्हाईक आता मीच बघते. तुझ्या आईला खाटेतलं काय कळतं म्हणणारे व्यापारी आता आधी मलाच फोन करतात.

तुला मात्र मी फोन केला नाही. आण्णांच्या मनाविरुद्ध तू लग्न करून गेलीस तेव्हा, या घरातून तुला फोन जाणार नाही, असा शब्द आण्णांनी माझ्याकडून घेतला होता. तो मी पाळला. पत्राबद्दल मात्र कुणी काही बोललं नव्हतं. हे मला एवढ्या उशिरा सुचावं याचंच वाईट वाटतं.

आता खाटेचं.

सोमवारी सकाळी दुकान उघडून मी उदबत्ती लावत होते. दारात एक उंचापुरा माणूस, चपलेला लाल माती. "मावशी, घडीची खाट पायजे. रानात न्यायला," म्हणाला. मी वळून बघितलं आणि उदबत्ती हातातच राहिली. तुझ्या लग्नाचा फोटो सुंदरीआत्यानं मला मोबाईलवर दाखवला होता. एकदा नाही, जेव्हा जेव्हा ती आली तेव्हा मीच मागून बघितला. त्यामुळे तुझ्या नवऱ्याला, शंभूराजला, मी ओळखलं. आण्णांनी तो फोटो कधी बघितलाच नव्हता. ते मागच्या बाजूला कापड बेतत होते.

मी ओळख दाखवली नाही. त्यानंही दाखवली नाही. पण लोणंदचा माणूस साताऱ्यातली, कराडातली दुकानं सोडून खाटेसाठी माधवनगरला कशाला येईल? तो मला बघायला आला होता आणि मीही त्याला बघून घ्यायचं ठरवलं.

म्हटलं, नीज बघू. गिऱ्हाइकाला मी निजायलाच लावते. पहिली दिली अ‍ॅल्युमिनियमची. उचलायला हलकी, पण कूस बदलली की करकरते. तो म्हणाला, "ही न्हाई चालायची. आवाज झाला की समदं मुसळ केरात." दुसरी लोखंडी, आवाज नाही, पण पावलं बाहेर लोंबत होती आणि डोक्याकडची दांडी मानेला टोचत होती. तिसरी लांबीला बरोबर, पण नायलॉनची. थंडीत ती खालून गार पडते आणि माणूस मधे झोळीत बसल्यासारखा होतो. ती त्यालाच आवडली नाही.

"बायकू म्हणती, खाट मऊ नसली तरी चालंल, पण कमरेखाली झोळ नको. झोळ पडला की मणका रुसतो."

मणका रुसतो! मिरजेला फिजिओथेरपी शिकत होतीस तेव्हा आण्णांना खुर्चीत नीट बसवताना तू हेच म्हणायचीस. मला पदर तोंडाला लावून गल्ल्याकडे वळावं लागलं. मग मी विचारलं, "रानात कशासाठी लागते?"

खोटं बोलता आलं असतं त्याला. बागेच्या राखणीला म्हणाला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण तो उठून बसला आणि सरळ म्हणाला, "शिकारीला, मावशी. रानडुकरं. वनखात्याचा परवाना हाय. गावं बोलवत्यात, मग दोन-दोन, तीन-तीन दिवस रानातच मुक्काम असतो."

मागची कात्री थांबली.

आण्णा पुढं आले. आवाज चढवला नाही. "हितं शिकारीचं सामान मिळत न्हाई," म्हणाले.

"आवं काका, खाटच तर हाय."

"माझ्या हातानं शिवलेलं कापड असतंय ते. त्याच्यावर निजून उठायचं आणि जीव घ्यायचा, ते मला चालायचं न्हाई."

मला वाटलं, आता हा पाय आपटत जाईल. गेला नाही. खाटेची घडी घालून, होती तिथं भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाला, "दुकान तुमचं हाय. तुमी न्हाई म्हणला, तर न्हाई. पण काका, मला मारायची हौस न्हाई. आमच्या शेजारच्या गावात दगडाबाई म्हणून हाय. मका काढताना डुकरानं तिची मांडी फाडली. ती अजून काठीवर चालती. मी आधी फटाकं लावतो, डबं वाजवतो. जी जात्यात ती जाऊ देतो. जे जनावर माणसावर येतं, त्याच्यावरच बार टाकतो."

"खरं असंल तुझं," आण्णा म्हणाले. "दगडाबाईचं वाईट झालं. तरी माझं कापड न्हाई मिळायचं."

सोनी, मी त्या दोघांच्या मधे उभी होते. दोघंही खोटं बोलत नव्हते, दोघंही मागं सरत नव्हते. तू या दोघांच्या मधे कशी उभी राहिली असशील, ते मला त्या क्षणी समजलं.

तो दारापर्यंत गेला. चपलेत पाय घातला, काढला, परत आला. म्हणाला, "शिकारीची ऱ्हाऊ दे. बायकूसाठी एक शिवून द्याल? मी रानात असलो की ती आत निजत न्हाई. अंगणात खुर्चीवर बसून ऱ्हाती, माझी गाडी वाजायची वाट बघत. सातवा महिना लागलाय. पाय सुजत्यात तिचं. कितीबी सांगा, ऐकत न्हाई."

सातवा महिना.

इथं मी थोडं थांबते.

तुला सांगणार नव्हते, पण आता लिहितेच. मला राग आला. माझ्या मुलीला सातवा महिना लागलाय, हे मला दुकानात, गिऱ्हाइकासारख्या उभ्या असलेल्या माणसाकडून कळावं? शब्द फोन न करण्याचा होता आणि तो माझा होता. तुझा नव्हता. तू का नाही कळवलंस? मग माझं मलाच उत्तर मिळालं. तू कळवलं असतंस आणि इकडून कुणी आलं नसतं, तर ते तुला सोसवलं नसतं. म्हणून विचारलंच नाहीस. माझ्यावरच गेलीस. राग तेवढ्यावरच गेला.

आण्णांना अजून काही माहीत नव्हतं. बाईमाणसाची खाट म्हटल्यावर त्यांनी टेप काढला. शिवणाऱ्या माणसाचा स्वभाव तो. "कुठली रं तुझी बायकू?" त्यांनी सहज विचारलं.

शंभूराजनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होय म्हणून.

"हितलीच," तो म्हणाला. "माधवनगरची. तुमची सोनिया."

आण्णा टेप धरून उभेच राहिले. रस्त्यावरून गाणी लावलेला ट्रॅक्टर गेला. मी स्टूल पुढं केलं, ते बसले नाहीत. बिचाऱ्या शंभूराजला आणखी काय करावं सुचेना, म्हणून तो हळूच म्हणाला, "तिची उंची सांगू का? मापाला?"

"तिची उंची मला म्हाईत हाय," आण्णा म्हणाले आणि मागं निघून गेले.

थोड्या वेळानं कात्री परत चालू झाली. मी डोकावले. सैन्याच्या तंबूला वापरतात तसलं जाड, हिरवं कापड त्यांनी काढलं होतं. ते कुणाला विकत नाहीत ते. कमरेच्या जागी दुहेरी पट्टा शिवत होते. डोळ्याला पाणी होतं आणि टाका सरळ होता.

शंभूराजला मी संध्याकाळपर्यंत थांबवलं आणि घरी नेलं. सूर्य मावळायच्या आत जेवायला वाढलं. तो हसला. म्हणाला, "सोनियाबी मावळायच्या आत जेवती. तिला एकटीला नको म्हणून आईबी बसती, आणि मग माझ्यासंगं परत बसती. आईचं वजन वाढलंय."

मला विचारायचं होतं ते मी विचारलं. घरात मांसमच्छी शिजते का? तो म्हणाला, "मागं वेगळी चूल हाय. तुमच्या लेकीच्या भांड्यांना हात लावायची आमच्या आईचीबी हिंमत न्हाई." तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्याशी माझं जमेल असं दिसतं.

आण्णा घरी आले, हात धुतले, त्याच्या समोर बसले. भात कालवता कालवता म्हणाले, "ही खाट रानात जायची न्हाई."

"न्हाई जायची. शब्द देतो."

"आणि ती एका माणसाची हाय. तू घरी असशील तवा खाली निजायचं."

"व्हय," तो म्हणाला, अगदी शाळेतल्या पोरासारखं. मी आत जाऊन मनसोक्त हसून घेतलं.

त्याला निरोप द्यायला मी फाटकापर्यंत गेले तेव्हा हळूच सांगितलं, मिरजेला स्टेशनजवळ एक खाटेचं दुकान आहे, तुझ्या कामाची तिथं घे, लोखंडी आणि तुझ्या उंचीपेक्षा वीतभर लांब. तेवढ्यात ओट्यावरून आण्णांचा आवाज आला, "खाटेच्या पायांना खालून आडव्या पट्ट्या हायत का बघ म्हणावं. उसाच्या मऊ रानात नुसतं पाय रुतत्यात." मी मागं बघितलं तर ते दुसरीकडे तोंड करून तुळशीला पाणी घालत होते. त्या जागी आधीच पाणी साचलं होतं.

हे झालं असं. शिकारीबद्दल त्यांचं मत बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. शंभूराजचंही नाही. दोघांच्या या मतभेदाची मला काळजी वाटत नाही. एकाच ताटलीतली चटणी दोघांनी घेतली, मी डोळ्यांनी बघितलं.

इथं आल्याचं तुला सांगू नका, असं त्यानं मला विनवलं होतं. तुला वाईट वाटेल, तुला न विचारता तो आला म्हणून तू रागावशील, अशी भीती होती त्याला. मी काही कबूल केलं नव्हतं. त्याच्यावर रागावू नकोस. मोठ्या धीराचं काम केलं त्यानं. बंदूक घेऊन रानात बसण्यापेक्षा आमच्या दुकानात त्या खाटेवर निजणं जास्त अवघड होतं.

आता कामाचं. सुजेसाठी पायाखाली उशी घेऊन डाव्या कुशीवर निज. तूच लोकांना सांगतेस, आता स्वतः ऐक. अंगणात बसायचं असेल तर आडवी होऊन वाट बघ. डोळा लागला तरी गाडी वाजली की जाग येतेच.

तू ये, असं मी म्हणत नाही. या दिवसांत मीच यायला हवं. रविवारी सकाळच्या गाडीनं मी लोणंदला उतरते. डोहाळजेवणाचं तुझ्या सासूबाईंशी तिथंच बोलू. बाळंतपण कुठं करायचं ते तू ठरव. पुढची खोली आम्ही रिकामी केली आहे, पण त्याचं ओझं घेऊ नकोस.

माझ्याबरोबर कोण असेल ते लिहीत नाही. त्यांनी अजून तोंडानं सांगितलेलं नाही. पण काल स्टेशनवर जाऊन तिकिटं त्यांनीच काढली आणि खिडकीची जागा कुणाला पाहिजे म्हणून मला विचारलं.

पत्र संपवत होते तेवढ्यात त्यांनी पेन मागितलं. खालची ओळ त्यांची आहे.

तुम्हा दोघांना आणि येणाऱ्या जिवाला पोटभर आशीर्वाद देणारी,
आई

सोनी, कापड नवं आहे, चार दिवसांत सैल पडेल. तू वाकू नकोस. मी येऊन आवळतो.
— आण्णा