बसच्या यादीतली पहिली दोन नावं

बाबा, परवा जेवताजेवता लेकाने विचारलं, आजोबा लेफ्ट होते की राइट? कॉलेजात राज्यशास्त्र शिकतोय, त्यामुळे सध्या भेटेल त्याच्या कपाळावर चिठ्ठी डकवत सुटलाय. मी फटकन 'डावे' म्हणून मोकळी झाले. पण तुमच्याबद्दल एवढंच सांगून मला चैन पडेना, म्हणून हे लिहायला बसले.

रियाधचं अल मलाझमधलं आपलं घर, शुक्रवारची सुट्टी, दुपारचा वरणभात आणि खालच्या मजल्यावरचे काका. तुम्ही दोघं एकाच कंपनीत. तुम्ही नाशिकला कारखान्याच्या गेटवर लाल झेंडा घेऊन उभे राहिलेले, काका पुण्याचे आणि पक्के उजवे. 'काय कॉम्रेड, क्रांती कुठवर आली?' म्हणत ते आत यायचे आणि तुम्ही म्हणायचात, वरण गरम आहे, आधी बसा. मग कुवेतमध्ये इराकी रणगाडे घुसले आणि सगळंच उलटंपालटं झालं. जन्मभर अमेरिकेला शिव्या घालणारे तुम्ही म्हणायला लागलात, आता अमेरिकेनेच हे लवकर संपवावं. काका म्हणायचे, हे गोरे एकदा आले की हलत नाहीत, मरणार गरिबांचीच पोरं. आई पापड भाजता भाजता म्हणाली, तुमच्या दोघांचे शर्ट धोब्याने अदलाबदल केलेत वाटतं. किती हसलो होतो आपण तेव्हा.

जानेवारीत क्षेपणास्त्रं पडू लागली आणि हसणं बंद झालं. विषारी वायूच्या धास्तीने खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल. क्षेपणास्त्रं पोचत नव्हती त्या जेद्दाला जायला कंपनीने एक बस ठरवली. आपल्यासारख्यांना शहर सोडायचं तरी कफीलचं, म्हणजे मालकाचं, शिक्क्याचं पत्र लागायचं. ती पत्रं आणि बसची यादी तुमच्याकडे होती. कंपनीच्या कामगार कॅम्पात एवढे मजूर, आणि बस एकच. यादी टेबलावर पडलेली, मी वाचली. पहिली दोन नावं आईचं आणि माझं. खाली काकांच्या नावावर काट मारलेली, आणि शेजारी त्यांच्याच अक्षरात कॅम्पातल्या स्वयंपाकी चाचांचं नाव. रत्नागिरीचे ते चाचा, दम्याने बेजार, दर ईदला आपल्याकडे शीरखुर्मा पाठवणारे.

सोळा वर्षांची मी, तुमचीच भाषणं ऐकून वाढलेली. तुम्ही बॅगेला दोरी बांधत होतात. मी समोर उभी राहून म्हणाले, "मजूर आधी म्हणता ना? मग आपण पहिले कसे? खरे डावे तर काका. तुम्ही नुसते बोलणारे."

तुम्ही मान वर केली नाहीत. "असेल," म्हणालात. "यादी करताना मला तुम्ही दोघीच दिसलात. चूकच आहे ती." आणि मग विचारलंत, स्वेटर घेतलास का, वाटेत गारठा असतो.

खाली बसपाशी मी काकांच्या पाया पडायला गेले, तुम्हाला दिसेल अशी, मुद्दाम. काका ओशाळले. "अगं, माझी बायको-पोरं पुण्यात सुखरूप आहेत," ते म्हणाले. "इथे असती तर मीही आधी त्यांचीच नावं लिहिली असती." ते मला तेव्हा मुळीच पटलं नाही. यादीत तुमचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं, त्याचा अर्थही रागाच्या भरात माझ्या डोक्यात शिरला नाही, तो जेद्दाला पोचल्यावर आईने सांगितला. लढाई संपेपर्यंत तुम्ही त्या मजुरांबरोबर कॅम्पातच राहिलात. आता मी स्वतः आई झालेय, आणि तशी यादी माझ्या हातात आली तर मी काय करीन हे मला पक्कं ठाऊक आहे. लेकाच्या पुस्तकात त्याला काय म्हणतात कोण जाणे.

हा कागद जाणार कुठे, कपाटातच राहील. नुसते बोलणारे म्हटलं त्याची माफी मी कधी मागितली नाही, आणि तुम्ही गेलात. अजून एक, जे आईलाही कधी सांगितलं नाही. बस सुटली तेव्हा तुम्ही हात हलवत होतात आणि मी रागाने तोंड फिरवलं होतं. ते नाटक होतं, बाबा. यादीत माझं नाव आहे म्हणून मला इतकं हायसं वाटत होतं, की ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी तिकडे बघितलं नाही.