नवरात्रातले ओट्स

१६ सप्टेंबर, मंगळवार

सीताफळ ओव्हनमध्ये घातलं की कडू होतं. बागलाणात वाढलेली मी, आणि हे आज कळतंय! बिया काढता काढता बोटं आखडली, सगळा गर ओट्समध्ये कालवला, वर वेलची. वास असा सुटला की शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या. आणि चव? कडुनिंब परवडला.

माझ्या नवऱ्यानं, देवव्रतनं, एक घास गिळला. "चांगलंय गं," म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. खोटं बोलताना हा माणूस नेहमी उठतो.

डॉक्टर काल बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "यंदा नवरात्राचे उपास सोडा. सोडत नसाल तर सकाळी गोळी घ्यायच्या आधी पोटभर खा. साबुदाणा नाही, बटाटा नाही. ओट्स, फळं, असलं काहीतरी." बाबा हसले, देवव्रतही हसला. मला हसू आलं नाही. मागच्या वर्षी पोथी वाचता वाचता बाबा पाटावरून कलंडले होते, तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. साखर इतकी उतरली होती की मला ओळखत नव्हते.

ओट्स आणि फळांचं काहीतरी भाजून करायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

१७ सप्टेंबर

सीताफळ रद्द. आज पेरू आणि सफरचंद. दूध जास्त झालं, खीर झाली. मीच खाल्ली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

खरी अडचण ओट्सची नाहीच. ती इथे तरी लिहून टाकते.

एरवी बाबा माझ्या हातचं सगळं खातात. पोळी, आमटी, अगदी माझी झणझणीत शेव-भाजीसुद्धा, डोळ्यांतून पाणी काढत. "मीठ बरोबर आहे" हे त्यांचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक. पण नवरात्र बसलं की सोवळं. मग त्यांचं फराळाचं फक्त आईंनी करायचं, म्हणजे सासूबाईंनी. मी देवघराच्या उंबऱ्याबाहेर. कुणी रागावत नाही, कुणी टोमणा मारत नाही. नुसतं ठरलेलं आहे. पंचवटीतल्या तीर्थपुरोहिताच्या घरी नामपूरच्या कांदेवाल्यांची मुलगी आली, लग्नाला सहा वर्षं झाली, सगळे प्रेमानं वागतात. तरी ते दहा दिवस मी या घरात पाहुणी असते. मला ते लागतं. फार लागतं.

आणि यंदा आईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये. बाथरूममध्ये घसरल्या. बाबांनी लगेच जाहीर केलं, "मी दूध-केळ्यावर राहीन."

उपाशीपोटी साखरेची गोळी आणि वर दूध-केळं!

देवव्रतची आयडिया: "तू कर, आणि आईनं केलं म्हणून सांग. एका हातानं ढवळलं म्हणू."

म्हटलं, नाही. खातील तर माझ्या हातचं म्हणून खातील.

"तू पण ना, हट्टी आहेस!"

आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

बाबा रामकुंडावरून दमून आले. पितृपक्ष संपत आला, यजमानांची रीघ लागलेली. चहा देताना विषय काढला.

"ओट्स म्हणजे घोड्याचं खाणं ना?"

म्हटलं, बाबा, हरभरेही घोडा खातो.

हसले. मग म्हणाले, "वेदिका, तुझा जीव तुटतो, कळतं मला. पण नवरात्रात नको." आणि पेपर उघडला. त्यांचा पेपर उघडला म्हणजे दार बंद.

माझा ओव्हन अजून उघडाच आहे. त्यात आजवर अंडं गेलेलं नाही, हे आईंना माहीत आहे. निदान तो मुद्दा तरी निकालात.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री. बाबा दिवसभर घाटावर. मी बाजारातून पेरू, सफरचंदं, अंजीर आणले. भाजीवाली म्हणाली, उपासाची तयारी का? म्हटलं, युद्धाची!

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

हरले.

ओट्स रात्रीच पाण्यात भिजत घातले होते, मोबाईलवर पाहिलं होतं तसे. पहाटे अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून सगळं केलं. सुंदर झालं होतं! कडा खरपूस, वर अंजिराच्या चकत्या. बाबा घट बसवून बाहेर आले. मी ताटली पुढे ठेवली.

"ओट्सला पाणी लागलंय का?"

लागलंय म्हटलं. भिजवलेत.

त्यांनी ताटलीला नमस्कार केला, खरोखरीचा, अन्नाला करतात तसा, आणि बाजूला सारली. दोन केळी खाल्ली, गोळी घेतली.

ओरडले असते तर बरं झालं असतं. नमस्काराशी भांडायचं कसं? बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग रागानं ती सगळी ताटली ऑफिसात नेली. टाइल्सच्या शोरूममधल्या पोरींनी चाटूनपुसून खाल्ली. "वेदिका ताई, रोज आणा!"

२३ सप्टेंबर, मंगळवार

आईंची वेणी घालत होते. एका हातानं त्यांना जमत नाही. आरशातून माझ्याकडे बघत होत्या.

"पाण्यात कशाला भिजवलंस?"

मग सांगितलं त्यांनी सगळं. धान्य आधी कोरडं भाजून घेतलं की उपासाला चालतं. त्यांच्या माहेरी नऊ दिवस तसंच खायचे, धान्यफराळ म्हणायचे त्याला. आणि कालवायचं ते दुधात. पाण्याचा थेंब नको. प्रवासाला दुधातल्या दशम्या न्यायचे ना पूर्वी, तसंच. दुधातल्याला विटाळ नाही. मीठ नाही घालायचं. आणि रात्रीचं सकाळी द्यायचं नाही, ते शिळं.

म्हटलं, आई, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?

"तू विचारलं नाहीस. आणि मला वाटलं, सोवळ्याचं शिकवायला गेले तर तुला राग येईल."

सहा वर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या रागाला भीत बसलो. कमाल आहे!

२४ सप्टेंबर

पहाटे उठले. ओट्स कढईत कोरडे भाजले, बदामी होईपर्यंत. फळं धुतली ती बाळाचं अंग पुसावं तशी पुसून कोरडी केली. पेरूचा बियांचा भाग काढला, सफरचंद किसलं, अंजीर दुधात, चमचाभर तूप, वेलची. ओव्हनमध्ये घातलं आणि समोर बसून राहिले.

बाबा आले. परीक्षा सुरू.

"पाणी?" नाही. दुधात केलंय.

"मीठ?" नाही.

"भाजून घेतलंस?" घेतलंय.

मग ताटलीकडे बघत राहिले. आता विचारायला काही उरलं नव्हतं. शास्त्राप्रमाणे सगळं बरोबर होतं. उरले होते फक्त माझे हात.

"उद्या बघू," म्हणाले.

२५ सप्टेंबर

यंदा तृतीया दोन दिवस आहे. म्हणजे उपासाचाही एक दिवस जास्त! आज पुन्हा केलं. पुन्हा "उद्या बघू". दोन केळी.

उद्या पुन्हा करणार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज पुन्हा तेच झालं.

पोथी वाचता वाचता बाबांचा आवाज ओढल्यासारखा यायला लागला. मी पळाले. घामानं उपरणं भिजलेलं, बोटं थरथरत होती. देवव्रतनं साखरेचं पाणी पाजलं. मशीनवर साखर अठ्ठावन्न. थोड्या वेळानं सावरले. सावरल्यावर पहिलं वाक्य काय? "अध्याय अर्धा राहिला."

माझा ताबा सुटला. उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलले, मोठ्यानं—

"बाबा, देवीला माझ्या हातचं चालत नसेल तर ते देवीनं सांगावं. तिच्या वतीनं तुम्ही नका सांगू! तुम्हाला काही झालं तर मी तिच्याशी पुन्हा कधी बोलणार नाही."

देवव्रत पांढराफटक. बाबांनी पोथी बंद केली, कपाळाला लावली.

मायला फोन केला. माझी आई, नामपूरला. सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणेल, माफी माग. तर म्हणते कशी, "बोलनी ते बोलनी. आते सकाय पुन्हा कर. पोटले राग नहीं समजत."

माफी मागायची नाही. पुन्हा करायचं.

२७ सप्टेंबर, शनिवार

पाऊस कोसळतोय, आणि ओव्हन अर्ध्यावर असताना लाईट गेली! वरून कच्चं, खालून गरम लगदा. मग जाड बुडाची कढई काढली, तूप फिरवलं, तो सगळा लगदा त्यात थापला, वर झाकण ठेवून मंद गॅसवर सोडला. माय थालीपीठं अशीच करते. एक बाजू जास्तच लागली. उलटताना दोन तुकडे झाले. अगदी अवतार!

वाटलं, हे कसं द्यायचं? तेवढ्यात पाट सरकवल्याचा आवाज आला. बाबा स्वयंपाकघरात येऊन बसले होते. न बोलावता.

"झालं असेल तर वाढ."

वाढलं. मेणबत्तीच्या उजेडात खात होते. करपलेला भाग आधी संपवला. मी ओट्याला टेकून उभी.

"गूळ नाही घातलास?"

म्हटलं, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

"हं," म्हणाले आणि दुसरा तुकडा घेतला. गोळी त्यानंतर घेतली.

खाल्लं. माझ्या हातचं खाल्लं! मी मायला फोन लावला आणि रडायलाच लागले. ती घाबरलीच. "काय व्हयनं? कसाले रडस?"

२८ सप्टेंबर

आजही खाल्लं. डाळिंबाचे दाणे वरून घातले होते. "दाताखाली येतात," असा शेरा. सबंध ताटली संपवून शेरा!

साखर एकशे अठरा.

२९ सप्टेंबर, सोमवार

जिंकले जिंकले म्हणून नाचत होते ना? घ्या.

सावळीराम गुरुजी आले होते, बाबांचे घाटावरचे सोबती. मी आत ओट्स भाजत होते. वास गेला असणार बाहेर. त्यांनी विचारलं, "उपासाला हे काय नवीन?" बाबा म्हणाले, "औषध आहे हो ते. सूनबाई करते. औषधाला कुठलं आलंय सोवळं?"

औषध.

केमिस्टच्या पोऱ्यानं आणून दिलेली गोळीही ते घेतातच. त्याची जात कुणी विचारत नाही. म्हणजे मीही केमिस्ट. कढईत ओट्स करपले माझे. पुन्हा भाजले.

देवव्रत म्हणाला, "अगं, खातायत ना? तेच हवं होतं ना तुला?"

तेच हवं होतं. आणि तेवढंच नको होतं. हे त्याला कसं समजावू?

आईंना सांगितलं नाही. पण जेवताना त्यांनी डाव्या हातानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. ऐकलं असणार त्यांनीही.

३० सप्टेंबर. अष्टमी

मनात आलं, आज करूच नये. औषध आहे ना, मग मेडिकलमधून आणा!

पण केलं. सफरचंद, पेरू, थोडं अक्रोड. अगदी मन लावून केलं. त्यांनी त्याला काय म्हणायचं ते म्हणावं. माझ्यासाठी तो नाश्ता आहे, मी माझ्या सासऱ्यांसाठी केलेला. गोळी कुणी मन लावून करत नाही.

साखर एकशे बारा. अख्खी पोथी एका बैठकीत वाचली, आवाज खणखणीत. ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं. राग होता तरी.

१ ऑक्टोबर, बुधवार. नवमी

ताटली पाटासमोर ठेवली, तर बाबा बसले नाहीत. ताटली दोन्ही हातांनी उचलली, तिच्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि देवघराच्या दाराशी जाऊन थांबले. मला हाक मारली. "नैवेद्य तूच दाखव." मी म्हटलं, बाबा, मला मंत्र येत नाहीत. त्यांनी ताटली माझ्या हातात दिली आणि स्वतः उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले.

"तू आत जा. मंत्र मी इथून म्हणतो."